रिमोट किल्ली बंद पडली? प्रोग्रॅमिंगच्या आधी जोड तपासा

गाडीची रिमोट किल्ली चालेनाशी झाली की सगळ्यात आधी कानावर पडणारा शब्द म्हणजे ‘प्रोग्रॅमिंग’. किल्लीचं प्रोग्रॅमिंग उडालं, आता नवीनच करावी लागेल, असं सांगितलं जातं. बहुतेक वेळा हे निदान चुकीचं असतं. किल्लीची ओळख ज्या मेमरीत लिहिलेली असते, ती जवळजवळ सगळ्या किल्ल्यांत सेल काढला तरी शाबूत राहते. बंद पडलेली किल्ली उघडली की आत दिसतं ते फार साधं असतं. सेलला टेकणारी धातूची पत्ती दबून गेलेली, बटणाखालचा स्विच झिजलेला, नाहीतर पडून पडून सोल्डरचा एखादा जोड तडकलेला. मल्टिमीटर, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग एवढं हाताशी असेल, तर ही तिन्ही कामं घरी नीट होतात.

पण उघडण्याची घाई नको. आधी नेमकं काय बिघडलंय ते ठरवायचं, आणि त्यासाठी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी.

एका कव्हरात तीन वस्तू

हातात एकच किल्ली दिसत असली तरी आत तीन वेगळ्या वस्तू शेजारी शेजारी राहतात. पहिली म्हणजे धातूचं पातं. ते फक्त कुलूप फिरवतं.

दुसरी म्हणजे ट्रान्सपाँडर चिप. हिला सेल लागतच नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. किल्ली आत घालून फिरवली की ते साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं आणि चिपला तिथूनच वीज मिळते. चिपने बरोबर उत्तर दिलं तरच इमोबिलायझर, म्हणजे गाडीतली चोरीविरोधी यंत्रणा, इंजिन चालू राहू देतो.

तिसरी वस्तू म्हणजे रिमोटचा ट्रान्समीटर. बटण दाबलं की हा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर संदेश सोडतो. काही देशांतल्या गाड्यांत ही फ्रीक्वेन्सी ३१५ असते. साध्या रिमोट किल्लीत सेल लागतो तो फक्त याच्यासाठी.

हे एकदा कळलं की लक्षणावरून बिघाड ओळखता येतो. बटणाने दरवाजे उघडत नाहीत पण गाडी सुरू होते, म्हणजे ट्रान्समीटर किंवा सेलची बाजू पाहायची. बटणं व्यवस्थित चालतात पण इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडतं आणि डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतो, म्हणजे प्रश्न ट्रान्सपाँडरचा आहे. अशा वेळी सेल कितीदाही बदलला तरी फरक पडणार नाही. काही किल्ल्यांत ट्रान्सपाँडर आणि रिमोट एकाच चिपमध्ये असतात आणि आतल्या सर्किट बोर्डवर वेगळं छोटं कॉइल (तारेचं वेटोळं) लावलेलं असतं. तिथे कॉइलचा एक जोड सुटला तर रिमोट चालू आणि ट्रान्सपाँडर बंद, असं दिसतं.

खिशात ठेवून चालणाऱ्या स्मार्ट किल्लीचं थोडं वेगळं आहे. तिथे गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारते, आणि ती ऐकून उत्तर द्यायला किल्लीला स्वतःचा सेल लागतो. सेल मेला तरी अशा किल्लीतला ट्रान्सपाँडर जिवंत असतो. म्हणून आत लपवलेल्या पात्याने दार उघडायचं, किल्ली स्टार्ट बटणाला किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेला टेकवायची, आणि गाडी सुरू होते.

उघडण्याआधीची तपासणी

दुसरी किल्ली असेल तर तीच पहिली चाचणी. दोन्ही किल्ल्या एकदम बंद पडल्या असतील तर दोष गाडीत शोधायचा: गाडीची बॅटरी उतरलेली, सेंट्रल लॉकचा फ्यूज गेलेला, रिसीव्हरचा बिघाड. दाराच्या आतल्या बटणाने चारही दारं लॉक होतात का ते पाहिलं की मोटरी आणि फ्यूज ठीक आहेत का ते लगेच कळतं. एकाच ठिकाणी गाडी उभी केली की किल्ली चालत नाही आणि दुसरीकडे चालते, असं असेल तर त्या जागी त्याच फ्रीक्वेन्सीवर दुसरं काहीतरी सतत बोलतंय. किल्ली उघडू नका.

नंतर बिघाड कसा आला ते आठवा. अंतर हळूहळू कमी होत गेलं, आधी वीस मीटरवरून चालायची आणि आता दाराला टेकून दाबावं लागतं, तर सेल किंवा त्याच्या पत्त्या. एकच बटण चालत नाही, तर त्या बटणाचा स्विच. हातातून पडली आणि त्या क्षणापासून बंद, तर जोड किंवा क्रिस्टल (ट्रान्समीटरची फ्रीक्वेन्सी ठरवणारा भाग). कपड्यांबरोबर धुतली गेली, तर उत्तर उघड आहे.

किल्लीवरचा छोटा दिवा फसवतो. तो लागला म्हणजे सेल, बटण आणि आतली चिप एकमेकांपर्यंत पोचताहेत, इतकंच सिद्ध होतं. लहर बाहेर पडतेय की नाही, हे तो सांगत नाही.

आणखी एक शक्यता सिंक, म्हणजे किल्ली आणि गाडीतल्या कोडचा मेळ, तुटण्याची. दर वेळी बटण दाबलं की किल्लीतला गणक एकाने पुढे सरकतो आणि कोड बदलतो. कीलॉक ही या कामासाठी खूप वापरली गेलेली पद्धत आहे. तिच्यात गाडी पुढचे १६ कोड एका दाबातच स्वीकारते. त्याच्या पुढे साधारण ३२ हजारांपर्यंत किल्ली गेली असेल तर लागोपाठ दोन दाब दिले की पुन्हा जुळते. म्हणजे किल्ली गाडीपासून लांब, पिशवीत दाबली जात राहिली असेल, तर गाडीजवळ उभं राहून तेच बटण दोन-तीनदा दाबून बघा. इतर पद्धतींत इग्निशन चालू करून ठरावीक बटण काही सेकंद धरावं लागतं. प्रत्येक गाडीचा क्रम वेगळा असतो आणि तो मॅन्युअलमध्येच बघावा.

सेल

सेलच्या नावातच त्याचं माप असतं. सीआर२०३२ म्हणजे व्यास २० मिमी आणि जाडी ३.२ मिमी. सीआर२०२५ ची जाडी २.५, सीआर२०१६ ची १.६, आणि सीआर१६२० म्हणजे व्यास १६ आणि जाडी २ मिमी. सगळे ३ व्होल्टचेच, म्हणून ‘बसतोय ना, मग चालेल’ असं वाटतं. तिथेच चूक होते. २०३२ च्या जागी २०२५ घातला तर ०.७ मिमीची फट राहते. टेबलावर किल्ली चालते आणि खिशात हलली की बंद. उलट, २०२५ च्या जागी २०३२ कोंबला तर पत्त्या कायमच्या दाबल्या जातात, आणि नंतर योग्य सेल घातला तरी सैल बसतो. क्षमतेतही फरक मोठा आहे. २०३२ साधारण २२० मिलिअँपिअर-तास, २०२५ साधारण १६०, २०१६ साधारण ९०.

मल्टिमीटरने नुसता व्होल्टेज मोजून निर्णय घेऊ नका. नवा सेल मोकळा मोजला तर ३.२ ते ३.३ व्होल्ट दाखवतो, पण थकलेला सेलही मोकळा असताना ३ च्या जवळपास दाखवतो. या सेलचा व्होल्टेज आयुष्यभर जवळजवळ सपाट राहतो. वाढत जातो तो आतला रोध. खरी परीक्षा भाराखाली होते. १५० ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन्ही बाजूंना टेकवा आणि तसाच धरून दोन सेकंद व्होल्टेज पाहा. साधारण २० मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे संदेश पाठवताना किल्ली जेवढं ओढते तेवढेच. चांगला सेल २.८ च्या आसपास किंवा वर टिकतो, थकलेला बघता बघता २.५ च्या खाली कोसळतो. थंडीत आतला रोध आणखी वाढतो. सकाळी न चालणारी किल्ली मुठीत गरम केली की चालते, याचं कारण हेच.

काही नव्या सेलवर मुलांनी तोंडात घालू नये म्हणून कडू लेप दिलेला असतो. हा लेप पत्ती जिथे टेकते नेमका तिथेच आला तर नवाकोरा सेल असूनही किल्ली मेलेली राहते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने सेलची कड आणि सपाट बाजू पुसली की हा त्रास बहुतेक वेळा जातो. पुसल्यावर त्याचं संरक्षण गेलं हेही लक्षात ठेवा. २० मिमीचा लिथियम सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो लगेच उचलून ठेवा, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट हॉस्पिटल गाठा.

सगळ्याच किल्ल्यांत सीआर सेल नसतो. काही जुन्या बीएमडब्ल्यू किल्ल्यांत व्हीएल२०२० हा चार्ज होणारा सेल बोर्डला सोल्डर केलेला असतो आणि किल्ली इग्निशनमध्ये असताना तो चार्ज होतो. त्याच्या जागी सीआर सेल लावायचा नाही. तो चार्ज होण्यासाठी बनलेलाच नाही. त्यात उलटा प्रवाह घातला तर तो गळतो, फुगतो किंवा फुटतो.

उघडताना

आधी लपलेला स्क्रू शोधा. तो बऱ्याचदा पात्याच्या खोबणीत, कंपनीच्या बोधचिन्हाखाली किंवा सेलच्या झाकणाखाली असतो. मग दोन भागांच्या सांध्यात प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून कडेकडेने फिरवा. कव्हर कडक वाटलं तर हेअर ड्रायरने मिनिटभर कोमट करा. प्लॅस्टिकचे आकडे मऊ होतात आणि तुटत नाहीत. स्क्रूड्रायव्हर खोलवर खुपसू नका. ट्रान्समीटरचा अँटेना म्हणजे बऱ्याच किल्ल्यांत बोर्डच्या कडेने फिरवलेली तांब्याची रुंद रेघच असते. स्क्रूड्रायव्हर घसरून ती रेघ कापली गेली की अंतर मीटरभरावर येतं, आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाते.

काही किल्ल्या कारखान्यातच वितळवून किंवा चिकटवून बंद केलेल्या असतात. त्या सांध्याच्या रेघेवरून धारदार कटर हलक्या हाताने अनेकदा फिरवून उघडायच्या, दीड मिमीच्या आत न जाता. जोर एकदम लावला तर कटर बोर्डात घुसतो. उघडताच एक फोटो काढा: सेलची कोणती बाजू वर आहे, रबर कसं बसलंय, आणि आत कुठे काळा चौकोनी तुकडा किंवा काचेची बारीक नळी आहे का. तीच ट्रान्सपाँडर चिप. ती हरवली तर गाडी सुरू होणार नाही.

पत्त्या आणि जोड

सेल काढा. सोल्डरिंग आयर्न जवळ आणायच्या आधी सेल बोर्डवरून दूर असलाच पाहिजे.

पत्त्या ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं पाणीच असतं, ते नको. काळपटपणा राहिला तर खोडरबर हलकं घासा. पॉलिश पेपर लावला तर वरचा मुलामा निघतो आणि काही महिन्यांत पत्ती पुन्हा काळी पडते. सेल घातल्यावर पत्तीने त्याला स्पष्ट दाबलं पाहिजे. तसं होत नसेल तर ती चिमट्याने मुळाशी धरून टोक सुमारे १ मिमी उचला. मुळाशी धरायचं कारण असं, की नाहीतर सगळा ताण सोल्डरच्या जोडावर येतो आणि एक दुरुस्त करताना दुसरं मोडतं.

आता भिंग घ्या आणि पत्ती बोर्डला जिथे जोडली आहे तिथे उजेड तिरका पाडून बघा. चांगला जोड पायाभोवती डोंगराच्या उतारासारखा चढलेला आणि सलग दिसतो. तडकलेल्या जोडात पायाभोवती केसाइतकं बारीक काळं कडं दिसतं, आणि लाकडी काडीने पत्ती हळूच ढकलली तर ते कडं उघडतं-मिटतं. किल्ली ‘कधी चालते, कधी नाही’ असं वागते त्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. सेलचं वजन सगळ्या बोर्डमध्ये जास्त असतं. किल्ली पडली की तो झटका याच दोन-तीन जोडांवर बसतो.

जोडावर थोडं फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायचा पदार्थ) लावा. आयर्न ३३० ते ३५० अंशांवर ठेवा. ०.५ मिमी जाडीची ६३/३७ (कथील आणि शिशाची) सोल्डर वायर घ्या, टोकाने पाय आणि पॅड (त्याखालचा बोर्डवरचा तांब्याचा तुकडा) दोन्ही एकदम तापवा आणि मग वायर लावा. दोन-तीन सेकंदांत काम व्हायला हवं. कारखान्यातलं सोल्डर बहुधा शिसेविरहित असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. ६३/३७ वितळतं १८३ ला. त्यामुळे जुन्या जोडात थोडं नवं सोल्डर मिसळलं की सगळं सोपं वितळतं. पत्त्यांचे पॅड मोठे असतात आणि उष्णता ओढून घेतात. टोक फार बारीक असेल तर सोल्डर नुसतं गोळा होऊन वर बसतं, आत उतरत नाही. इथे जरा रुंद टोक वापरा. काम झालं की हात धुवा.

बटणाखालचा स्विच

या दुरुस्तीत सगळ्यात जास्त कौशल्य इथे लागतं, म्हणून सविस्तर.

आधी खात्री. मल्टिमीटर ओहमवर ठेवून स्विचच्या दोन विरुद्ध पायांना टोकं लावा आणि रबर न ठेवता थेट स्विच दाबा. चार पायांच्या स्विचमध्ये दोन-दोन पाय आतून आधीच जोडलेले असतात, त्यामुळे कर्णावरचे दोन पाय घेतले की चूक होत नाही. दाबल्यावर रोध एक-दोन ओहमच्या आत यायला हवा. शेकडो ओहम दाखवत असेल, आकडा नाचत असेल, किंवा फार जोरात दाबल्यावरच खाली येत असेल, तर स्विच गेला. न दाबताही रोध कमी दिसत असेल तर स्विच आतून अडकलाय किंवा त्याखाली ओल आहे.

नवा स्विच घेताना लांबी-रुंदी सगळेच मोजतात, उंची विसरतात. खेळ उंचीचा आहे. बाजारात एकाच तळाचे पण २.५, ३.५, ४.३ मिमी अशा वेगवेगळ्या उंचीचे स्विच मिळतात. अर्धा मिमी जास्त उंच स्विच लावला तर कव्हर बंद केलं की बटण कायम दाबलेलं राहतं आणि सेल संपतो. अर्धा मिमी बुटका लावला तर अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागतं. व्हर्नियरने बोर्डपासून स्विचच्या बोंडाच्या टोकापर्यंत मोजा आणि तेवढाच घ्या.

जुना स्विच अख्खा उपटायचा प्रयत्न करू नका. खालचा तांब्याचा पॅड बोर्डपासून सुटतो आणि काम तिपटीने वाढतं. बारीक कटरने वरचं पत्र्याचं टोपण उचलून काढा, आतली घुमटासारखी चकती आणि प्लॅस्टिक तोडून बाहेर घ्या. मग उरलेले पाय एकेक करून तापवून चिमट्याने उचला, कारण आता एका पायाला दुसऱ्याने धरून ठेवलेलं नसतं. पॅडवरचं जुनं सोल्डर शोषक वेणीने (सोल्डर ओढून घेणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) साफ करा. नवा स्विच ठेवताना आधी एका पायाला थोडं सोल्डर, मग स्विच सरळ आहे का ते बाजूने बघा, तिरका असेल तर तो एकच पाय वितळवून सरळ करा, आणि मगच बाकीचे पाय. गरम हवेची गन वापरली तर स्विचचं प्लॅस्टिक आणि आजूबाजूचं बरंच काही वितळतं. सवय नसेल तर साधं आयर्नच बरं.

पॅड सुटलाच तर घाबरू नका. तिथून निघालेली तांब्याची रेघ शोधा, तिच्यावरचा हिरवा थर कटरच्या टोकाने ३ मिमी खरवडा, आणि ०.१ ते ०.२ मिमीची इनॅमल तार तिथून स्विचच्या पायापर्यंत जोडा. वर सुपरग्लूचा एक थेंब टाकला की तार हलत नाही.

क्रिस्टल

किल्ली पडल्यावर दिवा लागतो, सेल नवा आहे, स्विच ठीक आहेत, तरी गाडी ऐकत नाही. अशा वेळी बोर्डवरचा छोटा धातूचा डबा बघा. त्यात काचेसारख्या ठिसूळ क्वार्ट्झची पातळ चकती असते आणि आपटल्यावर ती तडकू शकते. अनेक किल्ल्यांत हा क्रिस्टल १३.५६ मेगाहर्ट्झचा असतो. चिप त्याला ३२ ने गुणते आणि बरोबर ४३३.९२ येतात. तपासायला संगणकाला लावायचा स्वस्त एसडीआर रिसीव्हर (रेडिओ लहरी पडद्यावर दाखवणारं उपकरण) उत्तम. बटण दाबल्यावर ४३३.९२ वर उभी रेघ दिसली तर लहर बाहेर पडतेय. काहीच दिसलं नाही, किंवा रेघ बरीच बाजूला सरकलेली दिसली, तर आधी क्रिस्टलचे जोड पुन्हा वितळवा, आणि तरीही नाही तर तशाच आकड्याचा नवा लावा. याच कारणासाठी किल्लीचा बोर्ड अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये घालू नये.

पाण्यात गेलेली किल्ली

पाण्याने किल्ली मरत नाही. पाण्यात सेल जोडलेला राहिला म्हणून मरते. प्रवाह चालू असताना तांबं विरघळत जातं आणि बारीक रेघा काही तासांत कापल्या जातात. म्हणून पहिलं काम सेल काढणं. चालते का बघायला एकदा दाबून पाहण्याचा मोह आवरा. मग डिस्टिल्ड वॉटरने बोर्ड धुवा, विशेषतः खारं पाणी किंवा साबण गेला असेल तर, आणि त्यावर ९९ टक्के अल्कोहोल ओतून मऊ ब्रशने घासा. स्विचच्या खाली आणि चिपच्या पायांत पाणी अडकून राहतं, तिथे जास्त लक्ष द्या. चोवीस तास हवेशीर जागेत वाळवा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याने काही साधत नाही. तांदूळ बोर्डवरचे क्षार काढू शकत नाही, वर पिठाची धूळ मात्र आत जाते.

सेल महिन्यात संपत असेल तर

सेल घातला की किल्ली चालते, पण तीन आठवड्यांत पुन्हा बंद: हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, मोजावा लागतो. वहीच्या कागदाची बोटभर पट्टी घ्या, तिच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, दोन्ही बाजूंची शेपटी थोडी बाहेर ठेवून ती सेल आणि पत्तीच्या मध्ये सरकवा. दोन्ही ॲल्युमिनियमचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. आता मल्टिमीटर मायक्रोअँपिअरवर ठेवून दोन शेपट्यांना जोडा. सुरुवातीला दोन्ही शेपट्या क्षणभर एका क्लिपने जोडून ठेवा, कारण चिप जागी होताना जास्त प्रवाह मागते आणि मीटरमधून तो मिळत नाही. चिप स्थिरावली की क्लिप काढा आणि आकडा वाचा. मोजताना बटण दाबू नका.

निवांत पडलेल्या साध्या किल्लीचा प्रवाह काही मायक्रोअँपिअरच असायला हवा. ५ मायक्रोअँपिअर धरले तर २२० मिलिअँपिअर-तासांचा सेल हिशेबाने ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं पुरतो. तोच प्रवाह ५०० झाला तर ४४० तास, म्हणजे जेमतेम अठरा दिवस. इतकी गळती दिसली तर संशय आधी स्विचवर घ्या, मग बोर्डवरच्या हिरवट थरावर आणि न पुसलेल्या फ्लक्सवर. एकेक जागा अल्कोहोलने साफ करून पुन्हा मोजा. कुठे आकडा कोसळतो ते लगेच कळतं. बोर्ड स्वच्छ असताना आकडा ठीक आणि कव्हर बंद केल्यावर सेल खातोय, तर रबर एखाद्या स्विचला दाबून ठेवतंय.

रबर आणि कव्हर

फाटलेलं रबरी बटण सुपरग्लूने चिकटत नाही, कारण ते बहुधा सिलिकॉनचं असतं आणि सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं. ट्यूब घेताना वास घ्या: व्हिनेगरसारखा आंबट वास येणारी ट्यूब वाळताना ॲसिड सोडते आणि तांबं खाते. न्यूट्रल लिहिलेली घ्या. खरं तर नुसतं रबर वेगळं मिळत असेल तर तेच बदलावं, भोक फार वेळ उघडं ठेवू नये, कारण तिथूनच ओल आत जाते.

कव्हर बदलणं सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त गाड्या त्यानंतरच सुरू होईनाशा होतात. कारण दरवेळी तेच: सेल आणि बोर्ड नव्या कव्हरात गेले, ट्रान्सपाँडर चिप जुन्यात राहिली. ती बोर्डवर नसेल तर कव्हराच्या एखाद्या कोपऱ्यात चिकटवलेली असते. तिला उचकटू नका. आत केसाहून बारीक तार असते. भोवतीचं जुनं प्लॅस्टिक कटरने थोडं थोडं कापून तिला मोकळी करा, आणि नव्या कव्हरात तशाच जागी, तशाच दिशेला बसवा. जागा बदलली तर कुलपाभोवतीच्या वेटोळ्याशी तिचा मेळ नीट बसत नाही.

मिटणाऱ्या पात्याच्या किल्लीत पातं बहुधा १.६ मिमीच्या स्प्रिंग पिनने धरलेलं असतं. खाली भक्कम आधार देऊन १.५ मिमीच्या टोच्याने पिन ठोकून काढा आणि जुनं पातंच नव्या कव्हरात लावा. नवं पातं कापून घ्यायचंच असेल तर आधी खाचांची जात जुळते का ते बघा आणि झिजलेल्या पात्यावरून नक्कल करून घेऊ नका. गाडीबरोबर मिळालेल्या किल्ली क्रमांकावरून कापलेलं पातं कुलपात जास्त नीट फिरतं. आतली गोल स्प्रिंग बसवताना दीड वेढा देऊन बघा. पातं अर्धंच उघडत असेल तर अर्धा वेढा वाढवा, बंदच होत नसेल तर कमी करा. हे काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून केलं तर सुटलेली स्प्रिंग खोलीभर शोधावी लागत नाही.

बोर्डच कायमचा गेला असेल तर तशाच गाडीची जुनी किल्ली मिळवून ती आपल्या गाडीला जोडायचा विचार मनात येतो. बहुतेक वेळा ती किल्ली तिच्या पहिल्या गाडीशी कायमची बांधलेली असते आणि दुसरी गाडी शिकत नाही. सुटे भाग म्हणून मात्र ती सोन्यासारखी: स्विच, सेलच्या पत्त्या, क्रिस्टल, रबर, सगळं नेमक्या मापाचं मिळतं.

कव्हरचा शेवटचा आकडा बसवायच्या आधी नुसता बोर्ड, सेल आणि चिप हातात धरून गाडीजवळ जा. प्रत्येक बटण दोनदा दाबा, दहा पावलं मागे जाऊन पुन्हा दाबा, मग चिप कुलपाच्या अगदी जवळ धरून इंजिन सुरू करा आणि किमान दहा सेकंद चालू राहतंय का बघा. सगळं जमलं तरच कव्हर मिटवा. आणि जुनं कव्हर आठवडाभर तरी फेकू नका.